नाणेघाट: पाण्याच्या टाक्यांपासून पाहिलेला व्यापारी तळ

सह्यवाट

कल्याण आणि जुन्नर यांना जोडणाऱ्या नाणेघाटाविषयी जे लिहिले जाते, ते बहुतेक पावसाळ्यातल्या उलट्या धबधब्याविषयी असते, नाहीतर सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखाविषयी. दोन्ही गोष्टी पाहण्याजोग्या आहेतच. पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापारी तांड्यांचा तळ म्हणून हे ठिकाण पाहता येते का, आणि येत असेल तर पाहण्याची सुरुवात कोठून करावी, याबद्दल येथे चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. माझे मत असे, की सुरुवात पाण्याच्या टाक्यांपासून करावी. लेख, लेणे आणि रांजण त्यानंतर.

हल्ली जुन्नरहून चावंड, घाटघर या मार्गाने गाडी थेट घाटमाथ्यावर जाते आणि बहुतेक मंडळी तशीच येतात. त्यामुळे तळ कशासाठी होता हेच कळत नाही. मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याजवळ महामार्ग सोडून पायवाटेने वर चढावे. आधी रानातली सौम्य चढण लागते, मग वाट उभी होत जाते आणि शेवटच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या येतात. रिकाम्या हाताने चालणाऱ्या माणसाला ही चढण अडीच-तीन तासांची आहे. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांच्या तांड्याला तिच्यात दिवसाचा मोठा भाग गेला असणार. कल्याण बंदरातून निघालेला तांडा उल्हास आणि काळू नद्यांच्या खोऱ्यांतून, म्हणजे वाटेत पाणी मिळत मिळत, घाटाच्या पायथ्याशी येतो. खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. दमलेली जनावरे माथ्यावर पोहोचतात तेव्हा तेथे नदी नाही आणि बारमाही ओढाही नाही. जुन्नर अजून सुमारे पस्तीस किलोमीटर पुढे आहे. पावसाळ्याचे चार महिने या कड्यावर पाणी कोसळत असते, पण तांडे निघतात ते उरलेल्या आठ महिन्यांत. त्या आठ महिन्यांसाठी पाणी साठवून ठेवण्याची सोय नसती, तर नाणेघाट ही केवळ एक अवघड पायवाट राहिली असती.

म्हणून टाकी आधी पाहावीत असे म्हणतो. मुख्य लेण्याच्या आसपास आणि वाटेच्या कडेने कातळात खोदलेली अनेक टाकी आहेत. ती जेथे आहेत तेथेच माणसे थांबली, जेथे माणसे थांबली तेथेच ओटे असलेले लेणे कोरले गेले, आणि जेथे सगळ्यांना थांबावेच लागते तेथे राजघराण्याने आपला लेख कोरला. लेण्याच्या वर निमुळती नाळ आहे, तिच्यातून पठारावर पाऊल टाकले की दगडी रांजण समोर येतो. जकातीची नाणी त्या रांजणात टाकली जात, असे परंपरा सांगते. शेजारी नानाचा अंगठा, अलीकडे जीवधन, पुढे चावंड, हडसर आणि शिवनेरी, म्हणजे बंदरापासून बाजारपेठेपर्यंतची वाट राखणारी किल्ल्यांची रांगच आहे.

आपली मते आणि निरीक्षणे वाचायला आवडतील.

ब्राह्मीवाचक

सह्यवाट, मांडणी आवडली, तरी मूळ विधानाशी सहमत होता येत नाही. टाक्यांमुळे लेणे आणि लेण्यामुळे लेख, अशी सरळ साखळी आपण लावली आहे. शिलालेखांचा पुरावा मात्र वेगळा क्रम दाखवतो.

लेण्याच्या डाव्या आणि उजव्या भिंतीवर असलेला मोठा लेख प्राकृत भाषेत आणि ब्राह्मी लिपीत आहे, आणि बहुतेक अभ्यासक तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. प्रजापती, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून तो सुरू होतो. त्यानंतर येते ती सातकर्णीची राणी नागनिका: महिनाभर उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीप्रमाणे व्रतस्थ जगणारी. पुढे अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक श्रौत यज्ञांची यादी आहे, आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाच्या नाण्यांची मोजदाद आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. आज त्यांची केवळ पावले उरली आहेत, पण डोक्यावरची नावे वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकनी, महारठी त्रनकयिरो, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन.

आता यातली विचार करण्याजोगी बाब सांगतो. एवढ्या मोठ्या लेखात व्यापाराविषयी, जकातीविषयी, तांड्यांविषयी किंवा पाण्याविषयी काहीही नाही. म्हणजे हे लेणे कोरणाऱ्यांच्या मनात प्रवाशांची सोय पहिल्या क्रमांकावर होती, असे मानायला लेखाचा आधार मिळत नाही. ते राजवंशाचे प्रतिमागृह होते आणि सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागी बांधले गेले होते.

पाण्याचा उल्लेख येतो तो दुसऱ्या, लहान लेखात. वासिष्ठीपुत्र चतरपण सातकर्णीच्या राज्यवर्ष १३ मध्ये, कामवन येथे राहणाऱ्या दामघोष नावाच्या गृहस्थाने एक टाके खोदवले, असा तो लेख आहे. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला आहे. नागनिकेचा लेख आणि हे टाके यांच्यात दोन-अडीच शतकांचे अंतर पडते. तेव्हा तळ एका योजनेने उभा राहिला नाही. राजाने आपले वैभव आधी कोरले, आणि पाण्याची भर पुढे सामान्य गृहस्थांनी घातली.

सह्यवाट

ब्राह्मीवाचक, आपला प्रतिसाद मोलाचा आहे, आणि दामघोषाच्या टाक्यामुळे चर्चेला नेमका आधार मिळाला. तरी एक सांगावेसे वाटते. लेख असलेले टाके दुसऱ्या शतकातले आहे, म्हणून लेख नसलेली सगळी टाकीही तेवढीच उशिराची ठरत नाहीत. लेणे कोरणे हे काही आठवड्यांचे काम नव्हे. छिन्नी चालवणारे, छिन्न्यांना धार लावणारे लोहार आणि त्यांना रांधून घालणारे लोक या कातळावर दीर्घकाळ राहिले असणार, आणि त्यांना कोकणातून घागरी भरून कोणी पाणी आणून देत नव्हते. पाण्याची काही ना काही सोय लेण्याच्या आधी किंवा लेण्याबरोबर झालीच असली पाहिजे.

दुसरा मुद्दा. आपण म्हणता त्याप्रमाणे लेणे सर्वांच्या नजरेस पडेल अशा जागी आहे. नजरेस पडणे आणि थांबून पाहणे यांत मात्र फरक आहे. चढणीवर धापा टाकणारा माणूस भिंतीवरचा लेख वाचायला थांबत नाही. तो ओट्यावर टेकतो, पाणी पितो आणि मग त्याचे लक्ष भिंतीकडे जाते. लेण्यात भिंतींच्या कडेने जे ओटे आहेत ते राजप्रतिमांना लागत नाहीत, माणसांना लागतात. राजघराण्याने वैभव मिरवले हे मान्यच आहे, पण त्यासाठी माणसे आधीपासून थांबत होती अशी जागा निवडली, असे मला वाटते.

कुकडीकाठ

मी जुन्नर परिसरातली आहे, म्हणून घाटाच्या देशावरच्या टोकाविषयी थोडे लिहिते.

नाणेघाटाचा तळ एकटा पाहिला तर तो अर्धाच दिसतो. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत, म्हणजे लेण्याद्री, मानमोडी, तुळजा लेणी आणि शिवनेरी मिळून, दोनशेहून अधिक लेणी आहेत. एवढी लेणी एका गावाभोवती कशी, याचे उत्तर दानलेखांत मिळते: बांबूकाम करणारे, कांस्यकाम करणारे, धान्याचे व्यापारी अशा श्रेणींची, म्हणजे व्यावसायिक संघांची नावे त्यांत आहेत आणि यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या दात्यांचीही आहेत. घाटाने वर चढणारा माल शेवटी याच बाजारात येत होता.

पाण्याच्या चर्चेसाठी मानमोडीचा एक लेख विशेष उपयोगी आहे. सातवाहनांचा प्रतिस्पर्धी शक राजा महाक्षत्रप नहपान याच्या वर्ष ४६ मध्ये त्याचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने एक टाके आणि एक मंडप पुण्यासाठी दान दिल्याचे त्यात नोंदले आहे. इथे टाके हे मंडपाच्या जोडीने, स्वतंत्र दान म्हणून मोजले गेले आहे. नहपानाचाच जावई उषवदात याचा लेख नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात आहे आणि तो तर या धाग्यासाठीच कोरला असावा असे वाटते. भरुकच्छ (भडोच), दशपुर (मंदसौर), गोवर्धन (नाशिकजवळ) आणि शूर्पारक (सोपारा) येथे चौसोपी विश्रामस्थाने बांधली, बागा, तळी आणि विहिरी केल्या, इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहणुका या नद्यांवर मोफत नावा ठेवल्या आणि काठांवर पाणपोया घातल्या, असे त्याने अभिमानाने लिहून ठेवले आहे. म्हणजे त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना यज्ञांइतकेच प्रवाशाच्या पाण्याचेही पुण्य वाटत होते. नागनिकेच्या लेखात ते नाही, एवढ्यावरून ते त्या काळात नव्हते असे ठरवता येणार नाही.

घाटमाथ्याकडे जाताना पूर गावचे कुकडेश्वर मंदिर अवश्य पाहावे. कुकडी नदी तेथे उगम पावते. मंदिर नंतरच्या काळातले आहे, परंतु माथ्यावरून उतरलेल्या तांड्याला वाहते पाणी पहिल्यांदा कोठे मिळत असेल याचा अंदाज त्या परिसरात उभे राहिल्यावर येतो.

पाषाणभेद

टाक्यांच्या खोदकामाविषयी भूशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

सह्याद्री लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे, आणि हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा सापडतो. घट्ट, भेगा नसलेल्या बेसाल्टमध्ये खोदलेले टाके पाणी धरून ठेवते. तांबडा पट्टा किंवा भेगाळलेला थर लागला की पाणी झिरपून जाते. म्हणून टाके कोठे खोदायचे हे खोदणाऱ्याच्या मर्जीवर नसते, कातळाच्या जातीवर असते. तळ कोठे होईल हेही त्यामुळे बऱ्याच अंशी कातळच ठरवतो, आणि या बाबतीत मी सह्यवाट यांच्या बाजूचा आहे.

सह्याद्रीतल्या जुन्या टाक्यांत नेहमी दिसणारी एक रचना नाणेघाटातही शोधून पाहावी. तोंड लहान ठेवायचे आणि आत कातळाखाली पोट मोठे करायचे. त्यामुळे उन्हाने होणारे बाष्पीभवन कमी होते, पाणी थंड राहते आणि पालापाचोळा आत कमी जातो. टाक्याकडे पाणी वळवण्यासाठी वरच्या कातळावर कोरलेल्या बारीक पन्हळीही कित्येक ठिकाणी असतात. त्या पन्हळी गाळाने भरल्या की टाके उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. केवळ टाके साफ करून भागत नाही, वरचा उतारही साफ राहिला पाहिजे, ही बाब टाकी स्वच्छ करणाऱ्या मंडळांच्या लक्षात असावी असे वाटते.

समरकंदवाट

विषयाला धरून एक तुलना मांडतो. उझबेकिस्तानात समरकंद ते बुखारा या मार्गावर, नवोई शहराजवळ, रबाती मलिक या अकराव्या शतकातील कारवाँसराईचे, म्हणजे तांड्यांच्या मुक्कामाच्या सराईचे अवशेष आहेत. सराईचे भव्य प्रवेशद्वार आणि पायाच्या भिंती उरल्या आहेत, आणि रस्त्याच्या पलीकडे सरदोबा, म्हणजे घुमटाने झाकलेले पाण्याचे टाके आहे. २०२३ साली रेशीम मार्गाच्या झरफशान–काराकुम टप्प्याचा भाग म्हणून या स्थळाची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. तेथे कातळ नाही, सपाट कोरडे गवताळ मैदान (स्टेप) आहे. म्हणून विटांचा घुमट बांधून सावली करावी लागली. जे काम नाणेघाटात कातळाखालच्या पोटाने साधले, ते तेथे घुमटाने. आणि राजाचा डामडौल प्रवेशद्वारावर, पाणी मात्र साध्या घुमटाखाली, ही विभागणीसुद्धा ब्राह्मीवाचक यांच्या म्हणण्याशी जुळते.

मुरबाडकर

आमच्या बाजूचे लोक या घाटाकडे वारसास्थळ म्हणून नव्हे, तर वाट म्हणूनच पाहत आले. कोकणातले मीठ वर जाई आणि देशावरचे धान्य खाली येई, हे म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असे. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली, आणि लांब पल्ल्याचा व्यापार तिकडे वळला. जवळपासच्या गावांची ये-जा मात्र त्यानंतरही चालू राहिली. पौष पौर्णिमेला म्हसा येथे भरणाऱ्या यात्रेतला बैलबाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना, शेकडो जनावरे एका जागी थांबली म्हणजे पाण्याची गरज किती प्रचंड असते, हे समजावून सांगावे लागणार नाही. नाणेघाटातली टाकी तेवढ्या जनावरांना पुरणारी नाहीत. त्यामुळे तांडे लहान तुकड्यांनी चढत असावेत, किंवा जनावरांना पायथ्याशी पाजून वर फक्त माणसांपुरते पाणी वापरले जात असावे, असा माझा अंदाज आहे. सह्यवाटदादांनी याचा विचार करावा.

सह्यवाट

मुरबाडकर, हा मुद्दा माझ्या मांडणीतल्या नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. लहान तुकड्यांची शक्यता मला अधिक पटते, कारण नाळेतून एका वेळी एकच लादलेले जनावर नीट जाऊ शकते. नाळेच्या तोंडाशी रांग लागणे अपरिहार्य आहे, आणि जेथे रांग लागते तेथे जकात घेणे सोपे जाते. रांजणाची जागा त्या दृष्टीने अचूक आहे, त्यात काय टाकले जात होते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी.

ब्राह्मीवाचक

रांजणाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. उघड्यावर ठेवलेल्या आणि कोणालाही हात घालता येईल अशा दगडी भांड्यात राज्याची जकात साठवत, ही कथा मला कधीच पटली नाही. शिलालेखात त्याला आधार नाही. दमून आलेल्या प्रवाशांसाठी भरून ठेवलेले पिण्याचे पाणी, हा उपयोग मला जास्त स्वाभाविक वाटतो. सह्यवाट यांचा पाण्याचा आग्रह येथे लागू करावा, असे मी त्यांना सुचवीन.

जकात मात्र होती, यात शंका नाही. पहिल्या शतकातील ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख आहे. थोरल्या सरगनस नावाच्या राजाच्या काळात ते रीतसर बाजारपेठ झाले, पण पुढे सॅन्डेनीस या दुसऱ्या सत्ताधीशाच्या ताब्यात गेल्यावर तेथे येणाऱ्या ग्रीक जहाजांना पहाऱ्याखाली भडोचला नेले जाण्याची शक्यता असे, असे त्यात म्हटले आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, त्याच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, ही अंतरेही त्यातच आहेत. कल्याणच्या बंदरावर राजकीय बंधने आली की त्याचा परिणाम नाणेघाटाच्या चढणीवर थेट होणार. तांड्यांची संख्या घटली की ओटे रिकामे. नहपान, उषवदात आणि त्यांच्यानंतर पुन्हा सातवाहन, हा सत्तासंघर्ष लेखांत वाचताना या घाटाची आठवण ठेवावी.

अंकपाश

मी गणिताचा शिक्षक आहे. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की दक्षिणेच्या मोजदादीमुळे हा लेख अंकांच्या इतिहासात फार महत्त्वाचा ठरला आहे. ११,००० गाई आणि १,००० घोडे अशा संख्या त्यात अंकचिन्हांनी लिहिलेल्या आहेत. त्या लेखनात शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत आणि हजाराच्या चिन्हाला दुसरे चिन्ह जोडून मोठी संख्या साधली आहे. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी या अंकांचा अभ्यास केला. मुलांना आधी चिन्हांचा तक्ता द्यावा आणि मग भिंतीसमोर उभे करावे, म्हणजे ती स्वतःच अंक शोधू लागतात.

रानभूल

सर्वांचे प्रतिसाद वाचून जाण्याचे ठरवले आहे. सोबत साठीच्या पुढचे आई-वडील आणि लहान मुलगी आहे. कोणत्या बाजूने आणि केव्हा जावे, तसेच लेख नीट दिसण्यासाठी काही करता येते का, याविषयी कोणी सांगू शकेल का?

कुकडीकाठ

रानभूल, आई-वडिलांना घेऊन जुन्नरकडूनच यावे. घाटघरपर्यंत आणि पुढे माथ्यापर्यंत गाडी येते. रांजणापासून नाळेतून खाली लेण्यापर्यंत उतरावे लागते, ते अंतर थोडे असले तरी दगड घडीव आणि गुळगुळीत झालेले आहेत, म्हणून वडीलधाऱ्यांच्या हाती काठी असावी. ज्यांना चढायचे आहे त्यांनी वैशाखऱ्याकडून पहाटे निघावे आणि गाडीवाल्याला माथ्यावर बोलवावे. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी येथे इतकी गर्दी होते की टाकी तर सोडाच, लेण्याची भिंतसुद्धा दिसत नाही. शिवाय त्या वेळी कड्यावरचा वारा लहान मुलांसाठी धोक्याचा असतो. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. टाक्यांतले पाणी आता पिण्याच्या भरवशाचे नाही, पुरेसे पाणी बरोबर आणावे.

अक्षरे दिसावीत म्हणून काही लोक त्यांवर खडू घासतात किंवा भिंतीवर पाणी मारतात, तसे अजिबात करू नये. विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसते. पाहण्याचा क्रम विचाराल तर उतरताना नाळ, मग लेणे आणि शेवटी त्याच्या आजूबाजूची टाकी, असाच सोयीचा पडतो. सह्यवाट यांचा क्रम फक्त खालून चढणाऱ्यांसाठी आहे.

सह्यवाट

कुकडीकाठ, क्रमाविषयीची आपली सूचना मान्य. रानभूल, दामघोषाचा लेख शोधताना टाक्याच्या काठावर उभे राहावे लागते आणि तेथे शेवाळ असते, तेव्हा मुलीचा हात सोडू नये. परत आल्यावर वरच्या उतारावर पाषाणभेद म्हणतात तशा पन्हळी दिसल्या का, हे येथे अवश्य लिहावे. शक्य झाले तर छायाचित्रांसह.